अंतर आणि नोंद : स्फोटक खात्याची सव्वाशे वर्षे

ग्वाल्हेरच्या स्मरणिकेत नागपूरच्या एका सरकारी खात्याचा इतिहास कशाला, असे कुणाच्याही मनात येईल. माझे उत्तर आहे पेटलावद. १२ सप्टेंबर २०१५ च्या सकाळी आपल्याच मध्य प्रदेशात, झाबुआ जिल्ह्यातल्या त्या गावात, भरवस्तीतल्या एका इमारतीत साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर यांचा स्फोट झाला. शेजारच्या उपाहारगृहात लोक न्याहारीला बसले होते. पाऊणशेहून अधिक माणसे गेली. तो माल शत्रूचा नव्हता, अतिरेक्यांचाही नव्हता. खाणी-विहिरींच्या रोजच्या कामाचा होता. तो जिथे नको तिथे होता, एवढीच गोष्ट. असा माल कुठे असावा, किती असावा, कुणाकडे असावा आणि निकामी झाल्यावर त्याचे काय करावे, हे ठरवण्यासाठी ज्या खात्याने सव्वाशे वर्षे खर्च केली, त्याची ओळख आपल्या लोकांना असायला हवी.

आज त्या खात्याला पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना म्हणतात, बोलताना ‘पेसो’. मुख्यालय नागपूरला, सेमिनरी हिल्सवर. जुनी मंडळी अजूनही ‘एक्सप्लोझिव्ह खाते’ म्हणतात आणि मीही इथे खातेच म्हणणार आहे.

कायदा आधी आला, खाते नंतर. इंग्लंडने १८७५ साली स्फोटकांचा कायदा केला आणि व्हिव्हियन मॅजेंडी नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याला त्याचा पहिला मुख्य निरीक्षक नेमले. कारखाने तपासणे हे त्याचे मूळ काम. पण आयरिश क्रांतिकारकांनी लंडनच्या रेल्वे स्थानकांवर घड्याळाचे बॉम्ब ठेवायला सुरुवात केली, तेव्हा न फुटलेले बॉम्ब उघडायलाही त्यालाच बोलावणे येऊ लागले. १८८४ च्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया स्थानकात स्फोट झाला आणि त्याच फेब्रुवारीत हिंदुस्थानचा स्फोटक कायदा मंजूर झाला. तो अमलात यायला १ जुलै १८८७ उजाडला. परवान्याशिवाय स्फोटके तयार करणे, बाळगणे, विकणे, वाहून नेणे आणि आयात करणे यांवर त्याने बंधन घातले. त्याची अंमलबजावणी पाहायला ५ सप्टेंबर १८९८ रोजी खाते स्थापन झाले. सुरुवातीचे काम कंटाळवाणे होते : दारूची कोठारे पाहणे, परवाने तपासणे, बंदरात उतरलेला माल मोजणे. त्या कंटाळवाण्या कामाबद्दल मला मोठा आदर आहे. हा लेख बराचसा त्याविषयीच आहे.

खात्याचे नाव पहिल्यांदा देशभर गाजले ते एका पुस्तकामुळे. बंगालचे क्रांतिकारक हेमचंद्र दास, म्हणजे हेमचंद्र कानुनगो, पॅरिसला जाऊन बॉम्बविद्या शिकून आले होते. तिथे त्यांच्याबरोबर शिकायला होते आपले पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढचे सेनापती बापट. हेमचंद्रांनी कलकत्त्याचे मॅजिस्ट्रेट किंग्जफर्ड यांच्यासाठी एक भेट तयार केली. हर्बर्ट ब्रूमच्या इंग्रजी कायद्यावरील भाष्याचा जाडजूड ग्रंथ आतून कोरला. त्या पोकळीत कॅडबरी कोकोचा डबा बसवला, डब्यात पिक्रिक आम्ल आणि तीन डिटोनेटर. पुस्तक उघडले की स्प्रिंग सुटावी अशी योजना. १९०८ च्या सुरुवातीला ते किंग्जफर्डच्या घरी पोहोचले. उसने दिलेले पुस्तक कुणीतरी परत केले, असे समजून त्यांनी ते न उघडता फळीवर ठेवून दिले. त्यांची मुझफ्फरपूरला बदली झाली. सामानाबरोबर पुस्तकही गेले. ३० एप्रिलला मुझफ्फरपुरातच खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी यांनी त्यांच्यासाठी टाकलेल्या बॉम्बने केनेडी मायलेकींचा बळी घेतला, तेव्हाही दुसरा बॉम्ब किंग्जफर्डच्या घरात पुस्तकांत उभा होता. नोकराने धूळ झटकली असेल, कुणी ते इकडचे तिकडे केले असेल. पुढच्या वर्षी पोलिसांना खबर लागली, पुस्तक सापडले आणि ते उघडण्यासाठी स्फोटकांचे मुख्य निरीक्षक मेजर मस्प्रॅट-विल्यम्स यांना बोलावण्यात आले. त्यांनी ते निकामी केले. तो ग्रंथ आज कोलकाता पोलिसांच्या संग्रहालयात आहे.

न फुटलेल्या दारूगोळ्याचा सगळा स्वभाव या एका वस्तूत दिसतो. बनवणारा तुरुंगात, ज्याच्यासाठी बनवला त्याला पत्ता नाही, आणि वस्तू मात्र आपल्या जागी तयार. ती विसरत नाही. तिच्या बाबतीत विसरण्याचे काम फक्त माणसे करतात.

मुझफ्फरपूरच्या घटनेनंतर जूनमध्ये सरकारने स्फोटक पदार्थांचा दुसरा, कडक कायदा घाईघाईने केला. त्याच वातावरणात केसरीतल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना अटक झाली. त्यांच्या घराच्या झडतीत एक कार्ड मिळाले, त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे होती. सरकारी वकिलांनी त्याचे भांडवल केले. टिळकांचे उत्तर साधे होते : कायद्यात स्फोटकाची जी व्याख्या केली आहे तिच्यावर लिहायचे होते, म्हणून ही पुस्तके पाहायची होती. शिक्षा झाली ती झालीच, सहा वर्षे मंडाले. पण प्रश्न त्यांनी अचूक हेरला होता. स्फोटक कशाला म्हणायचे, हा या खात्याचा आजवरचा सर्वांत अवघड प्रश्न राहिला आहे. अमोनियम नायट्रेटचेच घ्या. खत म्हणून पोत्यात असते तोवर निरुपद्रवी. ठरावीक परिस्थितीत तेच अख्खे बंदर उडवते. आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र नियम यायला २०१२ साल उजाडले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या २,७५० टन नायट्रेटने शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा आपल्याकडे धावपळ उडाली. चेन्नईजवळच्या एका गोदामात २०१५ साली जप्त केलेले सातशे टनांच्या आसपास नायट्रेट तसेच पडून होते. काही दिवसांत ते ट्रकांनी हैदराबादला हलवले गेले. पाच वर्षे जे झाले नाही, ते बैरूतनंतर आठवडाभरात सुरू झाले.

बंदराचा विषय निघाला की मराठी माणसाला १४ एप्रिल १९४४ आठवतो. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज बर्कनहेडहून कराचीमार्गे मुंबईला आले होते. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा आणि स्फोटके, सोन्याच्या विटा, आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात. धोक्याचा माल असलेल्या जहाजावर लाल बावटा लावतात, तोही लावलेला नव्हता. जहाज १२ तारखेला व्हिक्टोरिया गोदीत लागले. दोन दिवस झाले तरी स्फोटके उतरलीच नव्हती. १४ ला दुपारी धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाच्या आत दुसरा. आग विझवणारे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. गोदीचा राडारोडा काढायला आठ हजार माणसे सात महिने राबली.

या कथेचा शेवट सहसा तिथेच केला जातो. खरे तर तिथे दुसरी कथा सुरू होते. सगळाच दारूगोळा फुटला नव्हता. काही गोळे, सोन्याच्या काही विटांसारखेच, उडून गोदीच्या गाळात रुतले. पुढे दशकानुदशके गाळ उपसताना ते वर येत राहिले. २०११ च्या ऑक्टोबरात, म्हणजे ६७ वर्षांनी, सुमारे ४५ किलोचा जिवंत गोळा सापडला आणि लष्कराला बोलवावे लागले. समुद्राच्या पाण्याने लोखंड गंजते, पण आतली स्फोटके बहुधा शाबूत राहतात, आणि गंजलेला फ्यूज नव्यापेक्षा अधिक लहरी असतो. उपसा यंत्रावरच्या कामगाराला चिखलात दोन्ही दिसू शकत होते, सोन्याची वीट किंवा गोळा. हात घालण्यापूर्वी कुणी थांबेल असे मानणे कठीण आहे.

जुना दारूगोळा समुद्रात टाकून मोकळे होणे ही विसाव्या शतकातली सर्रास पद्धत होती. ब्रिटनने स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या मधल्या खोल दरीत दहा लाख टनांहून अधिक दारूगोळा बुडवला. १९९५ साली तिथे गॅसची नळी टाकायला घेतली आणि फॉस्फरसच्या कांड्या किनाऱ्यावर येऊ लागल्या. जर्मनीत दुसऱ्या महायुद्धातले बॉम्ब आजही पाया खणताना निघतात. ३ सप्टेंबर २०१७ रोजी फ्रँकफर्टमध्ये एका ब्रिटिश बॉम्बसाठी साठ हजारांवर लोकांना घराबाहेर काढले गेले. इस्पितळेही रिकामी केली. लोक गेले, तज्ज्ञांनी काम केले, संध्याकाळी लोक परत आले. हे शक्य झाले कारण वस्तीला आधीच ठाऊक असते की असे होणार आहे, कुणाचा फोन येणार आहे आणि कुठे जायचे आहे.

आपल्या खात्याकडे वळतो. स्वातंत्र्यानंतर धरणे, खाणी, रस्ते वाढले तसा स्फोटकांचा वापर वाढला, परवाने वाढले आणि त्याबरोबर निकामी माल वाढला. मुदत संपलेला, भिजलेला, जप्त केलेला, मालक पळून गेलेला. तो नष्ट कसा करायचा याचे शास्त्र खात्याने नियमांत उतरवले, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे.

काळी दारू पाण्यात घालतात. सोरा विरघळला की मागे गंधक आणि कोळसा उरतो, त्याला कुणी घाबरत नाही. जिलेटिनच्या कांड्या जाळतात, पण पेटीत नाही आणि ढीग करूनही नाही. मोकळ्या माळावर वाळलेल्या गवताची किंवा भुश्श्याची लांब पट्टी अंथरायची, तिच्यावर कांड्या एकेरी ओळीत ठेवायच्या, आणि आग वाऱ्याच्या उलट दिशेने सरकत जाईल अशा बेताने एका टोकाला वात लावून दूर जायचे. एक ओळ जळाली की दुसरी त्याच जागी मांडायची नाही, कारण जमीन तापलेली असते. डिटोनेटर जाळायचे नसतात. ते खड्ड्यात, एखाद्या कांडीला बांधून, तिच्याबरोबर उडवायचे. जुन्या डायनामाइटची भीती वेगळीच. साठवून ठेवलेल्या कांडीतून नायट्रोग्लिसरीन झिरपू लागते, पेटीच्या लाकडात आणि कोठाराच्या फरशीवर उतरते. अशी पेटी सरकवणेही धोक्याचे. नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटकांवर भारतात १ एप्रिल २००४ पासून बंदी आली. त्यांची जागा स्लरी आणि इमल्शन या प्रकारच्या स्फोटकांनी घेतली. खात्याच्या इतिहासातला हा माझ्या मते सर्वांत मोठा निर्णय. त्याने किती जीव वाचवले हे कधीच मोजता येणार नाही, कारण न झालेल्या स्फोटांची कुठे मोजदाद नसते.

नागपूर-अमरावती रस्त्यावर गोंडखैरीला खात्याचे चाचणी केंद्र आहे. फटाक्यांचा आवाज, त्यांतली रसायने, स्फोटकांची स्थिरता तिथे तपासली जाते. फटाक्याला चार मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, ती तिथल्या यंत्रांवर पडताळली जाते.

नायट्रोग्लिसरीनच्या स्फोटकांवर बंदी आली त्याच २००४ साली, ३० सप्टेंबरला, दिल्लीजवळच्या साहिबाबादमध्ये पोलाद कारखान्यात परदेशी भंगार वितळवताना स्फोट होऊन दहा कामगार गेले. युद्ध झालेल्या देशांतून आलेल्या त्या भंगारात न फुटलेले गोळे होते. पाठोपाठ देशातल्या कित्येक बंदरांत आणि कंटेनर डेपोंत तसाच माल निघाला. मग नियम झाला : भंगार बारीक तुकडे करूनच आणा, नाही तर जहाजावर चढवण्यापूर्वी तपासणी झाल्याचा दाखला आणा. दुसऱ्या कुणाच्या युद्धातला गोळा भंगाराच्या भावाने आपल्या कामगाराच्या हातात येऊ शकतो, हे तेव्हा पहिल्यांदा ठळकपणे कळले.

नोंदीचे महत्त्व ग्वाल्हेरकरांना वेगळे सांगायला नको. चंबळेपलीकडच्या ढोलपूरच्या स्फोटक कारखान्यातून २०१० साली सागरकडे निघालेले साठाहून अधिक ट्रक भरून माल ठरल्या ठिकाणी पोहोचलाच नाही. कारखान्यातून निघाल्याची नोंद होती, पोहोचल्याची नव्हती, आणि दोन्ही वह्या एकत्र ठेवून पाहायला कित्येक आठवडे गेले. पुढे साठ्याची विवरणे संगणकावर भरण्याची सक्ती झाली. माझ्या मते हे काम बॉम्ब निकामी करण्याइतकेच मोलाचे आहे. जिथे धाडसाची वेळ येते, तिथे आधी कुणाचा तरी हिशेब चुकलेला असतो.

आणि अंतर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या टोपी बाजारात उभे राहून २००८ चे स्फोटक नियम वाचावेत, म्हणजे ते कशासाठी आहेत ते समजते. फटाक्यांचे कायम दुकान तळमजल्यावर हवे, त्याच्या डोक्यावर राहते घर नको, क्षेत्रफळ ९ ते २५ चौरस मीटर, बाहेर पडायला दुसरी वाट हवी. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या आपल्या पेठेत खाली दुकान, वर बिऱ्हाड, आणि गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या की वाहतूक ठप्प. अशा ठिकाणी या नियमात बसणारी जागा शोधूनही मिळायची नाही. दिवाळीतल्या तात्पुरत्या दुकानांसाठी नियम असा : दोन दुकानांत निदान तीन मीटर अंतर, वस्तीपासून निदान पन्नास मीटर, दुकाने समोरासमोर तोंड करून नकोत, एका जागी पन्नासहून जास्त नकोत. म्हणूनच फटाका बाजार मेळ्याच्या मैदानावर भरतो. तिथवर जायचे म्हणून दरवर्षी कुरकुर होते. पेटलावदला त्या इमारतीपासून उपाहारगृह किती अंतरावर होते, हे कुरकुर करणाऱ्याने एकदा विचारावे.

आता या इतिहासातली मोठी त्रुटी. १८८४ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाने सैन्यदले आणि दारूगोळा कारखाने खात्याच्या कक्षेबाहेर ठेवले. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. सैन्याकडे स्वतःचे तज्ज्ञ आहेत, स्वतःचे नियम आहेत, आणि सापडलेला गोळा निकामी करायला शेवटी त्यांनाच बोलावले जाते. पण कुंपणाला लागून गावे असतात.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला सैन्याचे प्रचंड दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री तिथे आग लागली आणि अधिकारी-जवानांसह भांडाराच्या अग्निशमन दलातली माणसे गेली. आसपासच्या गावांनी रात्र रस्त्यावर काढली. २० नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर, जिथे जुना दारूगोळा उडवून नष्ट केला जातो, तिथे जबलपूरच्या खमरिया कारखान्याचा २३ मिलिमीटरचा माल उतरवताना स्फोट झाला. सहा जण ठार झाले, आणखी कित्येक जखमी. त्यांत बहुतेक जवळच्या गावांतले कंत्राटी मजूर. पेट्या उतरवायच्या, खड्डे खणायचे, वाळूची पोती भरायची, आणि रोजाची मजुरी घेऊन घरी जायचे. साध्या विहिरीसाठी सुरुंग उडवणाऱ्यालासुद्धा खात्याचा परवाना लागतो. त्यासाठी त्याची परीक्षा होते. कुंपणाच्या आत, त्याहून कितीतरी जहाल माल हाताळणाऱ्या शेतमजुराला काय शिकवले होते, हे खाते विचारू शकत नव्हते. कायद्याने तसा अधिकार त्याला दिलेला नाही.

तोफांच्या सराव क्षेत्रांलगत हेच दिसते. नगरजवळच्या के. के. रेंजच्या कडेला खारे कर्जुने आहे, आपल्या बाजूला झाशीजवळ बबीना आहे. झाडलेल्या गोळ्यांपैकी काही फुटत नाहीत. सैन्यात त्यांना ‘ब्लाइंड’ म्हणतात. सराव संपला की तुकड्या मैदान चाळतात, सापडतील ते गोळे उडवतात. पण नांगरटीत रुतलेले, ओढ्यात गेलेले राहतात, आणि पितळ-तांब्याला भंगारवाल्याकडे भाव असतो. त्यामुळे लोक जातात, मुले जातात. गोळा फोडून आतले पितळ काढताना माणसे मेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. दरवेळी बातमीत ‘मनाई असूनही’ असे दोन शब्द असतात. मनाईच्या फलकाने त्या घरात चूल पेटत नाही, हे त्या बातमीत नसते.

केंद्र सरकारने २०२४ साली १८८४ च्या जुन्या कायद्याच्या जागी नव्या स्फोटक विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. दंड वाढवणे, परवान्याची पद्धत सुटसुटीत करणे यांवर त्यात भर आहे. सव्वाशे वर्षांच्या अनुभवावर नवा कायदा होत असेल, तर त्यात कुंपणाबाहेरच्या माणसासाठीही एक कलम असावे असे मला मनापासून वाटते. सराव संपल्यावर किती गोळे झाडले, किती फुटले आणि कोणत्या शिवारात न फुटलेले राहिले असण्याचा संभव आहे, याची नोंद लगतच्या ग्रामपंचायतीला मराठीत किंवा हिंदीत मिळावी. गोळा दिसल्याची खबर देणाऱ्याला त्या पितळेच्या भावाहून अधिक बक्षीस रोख मिळावे, म्हणजे तो हातोडा उचलण्याऐवजी पोलीस पाटलाकडे जाईल. आणि दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पेटी उचलणारा प्रत्येक मजूर, मग तो कंत्राटदाराचा असो की कारखान्याचा, खात्याच्या परीक्षेतून आलेला असावा. अशी परीक्षा घेण्याची सारी व्यवस्था नागपुरात आहे, नियम आहेत, माणसे आहेत. त्यांना सोनेगावच्या फाटकातून आत जाण्याचा अधिकार तेवढा द्यायचा आहे.